प्रौढ वयातली सेरेब्रल पाल्सी: चालणं उतरतंय, फिजिओथेरपीत नेमकं काय करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. वय ३२. सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेली इजा. त्यातली स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांत ताठरपणा, हात जवळजवळ चांगले. सरकारी बँकेत नोकरी, दिवसभर बसून काम. घरात भिंतीला, टेबलाला धरून चालतो, बाहेर दोन एल्बो क्रच (कोपराखाली कडं असलेल्या कुबड्या). नवव्या वर्षी दोन्ही टाचांच्या शिरा लांब करण्याचं ऑपरेशन झालं आहे. सोळाव्या वर्षापर्यंत नियमित थेरपी होती, पुढे शिक्षण आणि नोकरी यांत ती सुटली.

गेल्या दोन वर्षांत चालणं उतरलं आहे. गुडघे पूर्वीपेक्षा जास्त वाकलेले राहतात. वाटीच्या खाली दुखतं, जिन्यावर जास्त. बसथांब्यापासून बँकेपर्यंत पूर्वी एका दमात जायचा, आता मध्ये थांबावं लागतं. वजन सातेक किलो वाढलंय. ताठरपणा कमी करणारी गोळी, बॅक्लोफेन, १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू आहे. पायातले प्लास्टिकचे स्प्लिंट सहा वर्षांपूर्वीचे. टोचतात म्हणून घालत नाही.

जवळच्या क्लिनिकमध्ये गुडघ्याला मशीनचा शेक आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणणं, एवढंच चालू आहे. आराम त्या दिवसापुरता. या वयात व्यायामाने ताकद येते का, की हे असंच उतरत जाणार? ताकदीचे व्यायाम केले की ताठरपणा वाढतो असं लहानपणी सांगितलं होतं, ते खरं आहे का? आणि स्प्लिंट पुन्हा करून घ्यावेत का?

रानजाई

ताई, मी न्यूरो फिजिओ आहे. मेंदूतली जन्माच्या सुमाराची इजा वाढत नसते. त्यामुळे "सीपी आहे, उतरणारच" असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावर परत येऊ नका. चालणं उतरलं की कारण शोधायचं, आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

पहिल्यांदा धोक्याच्या खुणा. हाताची पकड नव्याने सैल झाली आहे का? शर्टाची बटणं लावायला, सही करायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? लघवी रोखता येत नाही किंवा अडकते? मानेतून हातात कळ जाते? पायांचा ताठरपणा थोड्या आठवड्यांत झपाट्याने वाढला? यातलं एकही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मानेत मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो आणि त्यासाठी मानेचा एमआरआय लागतो. ज्यांची मान सतत आपोआप वळत राहते अशा, अथेटॉइड किंवा डिस्टोनिक प्रकारच्या सीपीत हे जास्त दिसतं, पण डायप्लेजियातही विचारायला हवं. याचा निकाल लागेपर्यंत मानेला ट्रॅक्शन किंवा मालिश नको.

दुसरं, ताठरपणा वाढवणाऱ्या साध्या गोष्टी: बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगठ्याचं आत वळलेलं नख, घट्ट बूट, पायावरची जखम, अपुरी झोप. यांपैकी काही असलं की शरीर ताठरपणा वाढवूनच कळवतं. हे निस्तरल्याशिवाय गोळीचा डोस वाढवायची घाई करू नये.

आता तुमच्या वर्णनाबद्दल. वाकलेले गुडघे, वाटीखाली दुखणं, लहानपणी टाचेच्या शिरेचं ऑपरेशन, वाढलेलं वजन. हे क्राउच गेटचं, म्हणजे गुडघे वाकवून चालण्याचं, चित्र आहे. उभं असताना पोटरीतला खोलवरचा स्नायू, सोलियस, नडगीला मागे धरून ठेवतो. टाचेची शीर लांब केल्यावर तो स्नायू बऱ्याच जणांत सैल आणि कमजोर राहतो. नडगी पुढे झुकते, मागोमाग गुडघा वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर अख्खं शरीर पेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतं. तो दिवसभर सुटतच नाही. त्याची सगळी ओढ वाटीवर आणि वाटीखालच्या शिरेवर पडते, म्हणून दुखणं नेमकं तिथे. वाटी हळूहळू वर सरकते आणि कधी तिच्या खालच्या टोकाचा तुकडाही पडतो. म्हणून दोन्ही गुडघ्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे आधी हवा.

मांडीच्या मागच्या शिरा ताणण्याबद्दल मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. क्राउचमध्ये कंबर पुढे कललेली असेल तर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) वरच्या बाजूने आधीच ताणलेले असतात. ते घट्ट लागतात, पण आखूड असतातच असं नाही. आखूड बहुधा खुब्याच्या पुढचे स्नायू असतात. मागच्या शिरा आणखी ताणत राहिलं तर कंबर आणखी पुढे झुकते आणि पाठ दुखायला लागते. शिवाय हाताने दहा-वीस सेकंद ताणल्याने स्नायूची लांबी टिकाऊ वाढत नाही. मशीनचा शेक दुखणं काही तास कमी करतो, तेवढाच त्याचा उपयोग. त्याने ताकद येत नाही.

घरी दोन गोष्टी पाहून इथे लिहा. भावाला पाठीवर झोपवून गुडघ्यावर हळूच दाब द्या: तो गादीला टेकतो का, खाली किती फट राहते? मग त्यालाच गुडघा ताणून सरळ करायला सांगा. हाताने होतो तेवढा सरळ स्वतः होतो का?

पायताण

स्प्लिंटबद्दल मी लिहितो, माझं काम ऑर्थोटिक्सचं, म्हणजे स्प्लिंट बनवण्याचं आहे. सहा वर्षांपूर्वीचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारा स्प्लिंट) आता घालू नका. वजन बदललंय, पाय रुंदावला असणार, आणि प्लास्टिकही थकतं. घोट्याजवळच्या कडेला पांढरट रेघ उमटली असेल तर तो तिथेच तडकणार आहे.

नवा करताना कुठला करायचा, हे गुडघा किती सरळ होतो त्यावर ठरतं. साधा मागून धरणारा एएफओ पाऊल उचलायला मदत करतो, पण क्राउचमध्ये नडगी पुढे जायची थांबवायची असते. त्यासाठी फ्लोअर रिॲक्शन एएफओ असतो. त्याची पट्टी गुडघ्याच्या खाली नडगीच्या पुढच्या बाजूला येते. पाऊल जमिनीला टेकलं की जमिनीचा जोर त्या पट्टीतून नडगीला मागे ढकलतो आणि गुडघा सरळ व्हायला मदत होते. मात्र गुडघ्यात १० ते १५ अंशांहून जास्त पक्का (हाताने ताणूनही न सुटणारा) वाक असेल, खुबा बराच आखडलेला असेल किंवा पाऊल खूप बाहेर वळलेलं असेल, तर हा एएफओ फक्त टोचतो, काम करत नाही. मग माप घेण्याआधी ऑर्थोपेडिक सर्जनचं मत घ्यायला लागतं.

प्रौढ माणसाच्या वजनाला पातळ शीट पुरत नाही. ५ ते ६ मिलिमीटरचं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक आणि घोट्यापाशी मजबुती सांगून घ्या. घोट्यात लवचीक राहिला तर तो फ्लोअर रिॲक्शन राहतच नाही. हलकं हवं म्हणून पातळ बनवून घेणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. साचा घेताना पाऊल नीट सरळ धरलेलं असावं. लटकत्या पावलाचा साचा घेतला तर एएफओही तसाच वाकडा बनतो.

बुटांशिवाय एएफओची तपासणी करून पैसे देऊ नका. रोज जे बूट घालणार तेच घेऊन जा: एक नंबर मोठे, आतला तळ निघणारे, मागची बाजू टणक, तोंड पार बोटांपर्यंत उघडणारे. टाचेची उंची फार महत्त्वाची. तपासणीच्या बुटापेक्षा टाच १ सेंटिमीटरने उंच झाली तरी नडगी पुढे झुकते आणि गुडघा पुन्हा वाकतो. म्हणून नवे बूट घेताना जुन्याच्या टाचेची उंची मोजूनच घ्या.

पहिल्या दिवशी तासभर दोनदा, मग रोज तासाभराने वाढवत साधारण दोन आठवड्यांत दिवसभर. काढल्यावर घोट्याचं आतलं आणि बाहेरचं हाड, पावलाच्या आतल्या बाजूचा उंचवटा, करंगळीच्या बाजूची कड, टाच आणि नडगीवरची पट्टीची जागा बघायची. लाली २० मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर त्याच जागी पेनाने खूण करून कारागिराकडे न्या. गरम करून तेवढी जागा फुगवता येते. कापूस कोंबून टोचणं थांबवू नका, त्याने दाब शेजारी सरकतो. मोजे लांब, सुती, शिवण नसलेले. उन्हाळ्यात दुपारी जोडी बदला, घामाने भिजलेल्या मोज्याखाली कातडी लवकर सोलते.

आणि क्रच. उंची बूट घालून जुळवायची. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी, म्हणजे मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंशात वाकतं. वरचं कडं कोपराच्या दोन-तीन बोटं खाली. नवा एएफओ आला की माणूस आधीपेक्षा सरळ उभा राहतो, तेव्हा क्रच आखूड पडतात. हे जुळवायचं बरेच जण विसरतात आणि रुग्ण पुन्हा वाकून चालायला लागतो. खालच्या रबराच्या वळ्या झिजल्या की ते बदला, पावसाळ्याआधी तर नक्कीच. आत लोखंडी चकती असलेलं रबर मागा. चकती नसली की नळीची कड रबर कापून बाहेर येते आणि ओल्या फरशीवर क्रच सटकतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. आज पाहिलं. हाताने दाबलं की गुडघा जवळजवळ टेकतो, खाली दोन बोटं जातील एवढी फट दोन्हीकडे. स्वतः ताणायला सांगितलं की तेवढा सरळ होत नाही, बराच वाकलेला राहतो. हातांची आणि लघवीची तक्रार नाही. बद्धकोष्ठ मात्र आहे. एक्स-रे या आठवड्यात काढतो. व्यायाम किती, कसे, हे आकड्यांत सांगाल का? घराजवळ तळमजल्यावर जिम आहे, पण तिथला ट्रेनर घ्यायला घाबरतो.

रानजाई

चांगली बातमी आहे ही. हाताने सरळ होतो म्हणजे सांधा फारसा धरलेला नाही, आणि स्वतः होत नाही म्हणजे ताकद कमी आहे. ताकदीवर काम करता येतं. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो ही जुनी समजूत. गेल्या दोन-तीन दशकांत सीपीतल्या मुलांवर आणि प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. जोर लावताना तेवढ्यापुरता पाय ताठरतो, ते वेगळं, थोड्या वेळात उतरतं.

सीपीसाठी सुचवलेलं प्रमाण असं: आठवड्यातून २ ते ३ दिवस, सलग दिवशी नाही. पहिले २ ते ४ आठवडे फक्त सवय, वजन अगदी कमी. नंतर प्रत्येक व्यायामाचे १ ते ३ सेट, एका सेटमध्ये ६ ते १० वेळा. वजन असं निवडायचं की शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण हालचाल बिघडता कामा नये. दोन सेटमध्ये २ ते ३ मिनिटं विश्रांती, कारण सीपीतला स्नायू सावरायला वेळ घेतो. आणि किमान १२ ते १६ आठवडे. तीन आठवडे करून "फरक नाही" म्हणून सोडणं हे नापास होण्याचं सगळ्यात मोठं कारण. दुसरं कारण वजन न वाढवणं. तेच पाव किलो वर्षभर उचललं तर वर्षभर तेवढीच ताकद राहते. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी १० ऐवजी १२ वेळा स्वच्छ जमलं की पुढची पायरी चढायची.

तुमच्या भावाच्या बाबतीत माझा भर चार गोष्टींवर असेल.

खुर्चीतून उठणं. खुर्ची भिंतीला टेकवलेली, बैठक ५० ते ५५ सेंटिमीटर उंच (घट्ट फळ्या घालून उंच करा, उशी नको), पायात बूट, समोर टेबल. टेबलावर हात फक्त तोल सांभाळायला. उठताना नाक गुडघ्यांच्या पुढे आणायचं, बसताना ३ सेकंद घेत हळू बसायचं. गुडघे एकमेकांना आपटत असतील तर मांडीभोवती रबरी पट्टी बांधून ती बाहेर ढकलत उठायला सांगा. पोटऱ्या खुर्चीला रेटून उठत असेल तर ती चोरवाट आहे, त्यात मांडीचं काम होत नाही, बैठक वाढवा. ८-१० वेळा नीट जमलं की बैठक २-३ सेंटिमीटरने उतरवा.

लेग प्रेस. डायप्लेजियासाठी जिममधलं सगळ्यात उपयोगी यंत्र हेच, कारण तोल सांभाळावा लागत नाही आणि सगळं लक्ष ताकदीवर जातं. ट्रेनरला एवढंच सांगायचं: गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, पाऊल पूर्ण टेकलेलं, झटका नाही. वाटीखाली दुखत असेपर्यंत वाकवणं ६० अंशांपर्यंतच ठेवा. बसून पाय वर ताणायचं यंत्र, लेग एक्स्टेन्शन, सध्या नको. वाटीवर त्याचा थेट ताण येतो.

पोटरी. उभं राहून टाचा उचलणं त्याला तोलामुळे जमणार नाही. बसून करा: खुर्चीत बसायचं, गुडघ्याच्या वर तांदळाची ५ किलोची पिशवी, टाचा वर, २ सेकंद थांबून हळू खाली. गुडघा वाकलेला असल्यामुळे सोलियसच काम करतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. पाय थडथडायला लागला तर टाच खाली घट्ट दाबून थांबायचं, मग वेग कमी करून पुन्हा.

खुबा. पाठीवर झोपून पाय वाकवून कंबर उचलणं, म्हणजे ब्रिजिंग. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पावलं जवळ घ्या. शिवाय रोज १५-२० मिनिटं पालथं झोपणं, पावलं गादीच्या कडेबाहेर. कमरेत बाक येऊन दुखलं तर पोटाखाली पातळ उशी. खुब्याच्या पुढच्या स्नायूंसाठी हाताने ताणण्यापेक्षा हे जास्त चांगलं, कारण वेळ मिळतो. आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला त्याची गरज दुप्पट.

दमसासासाठी स्थिर सायकल, शक्यतो पाठ टेकता येणारी, पावलाला पट्टे असलेली. सुरुवात ५ मिनिटं तीनदा, मधे आराम, मग सलग २० मिनिटांपर्यंत. धाप लागावी, पण वाक्य पूर्ण बोलता यावं. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, पुढे तीनदा.

दुसऱ्या दिवशी मांडी-पोटरी ठणकली तर चालेल, दोन दिवसांत जातं. वाटीखालचं दुखणं व्यायामानंतर २४ तासांनीही वाढलेलं असेल तर वजन किंवा वाकवणं कमी करा, पण थांबू नका. एक्स-रेत वाटीचा तुकडा दिसला तर मात्र हे सगळं सर्जनला दाखवूनच.

मोजमाप ठेवा, नाहीतर कुणालाच काही कळत नाही. दर चार आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच बुटांत: खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला किती सेकंद, ६ मिनिटांत किती मीटर, दुखणं दहापैकी किती, महिन्यात किती वेळा पडला.

बॅक्लोफेनबद्दल: गोळी अचानक बंद करायची नाही, संपली म्हणून दोन दिवस गेले असंही नको. झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. डोस वाढवायचं ठरलं तर डॉक्टरांना सांगा की उभं राहायला तो थोडा ताठरपणाच वापरतो. जास्त सैल झाला की पाय गळतात आणि गुंगीही येते. बोटॉक्सलाही (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन) हेच लागू. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो. त्या काळात व्यायाम आणि स्प्लिंटचं काम ठरलेलं नसेल तर इंजेक्शनचे पैसे वाया जातात.

चाफेकळी

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं सोपी करण्याच्या, बाजूने थोडं. व्यायाम आठवड्याचे तीन तास, उरलेला वेळ तो खुर्चीत आणि घरात काढतो. तिथे बदल झाला नाही तर जिममधली कमाई तिथेच संपते.

बँकेत बैठक अशी हवी की पावलं पूर्ण टेकतील. टेकत नसतील तर पायाखाली पाट. दर २० मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहायचं, काउंटरला धरून चालेल. फाइल आणायला उठणं त्याच्याकडेच राहू द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची असते. खुर्ची, पायरीवर कठडा, वापरता येईल असं स्वच्छतागृह, हे लेखी मागता येतं. तोंडी मागणी बदलीसोबत विसरली जाते.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर तो आधी बदला. बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर. लगेच बांधकाम जमत नसेल तर चाकं नसलेली कमोड खुर्ची, चारही पायांना रबर. बाजूची दांडी बैठकीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर, भिंतीपासून ४-५ सेंटिमीटर सुटी, मुठीत मावेल अशा ३२ ते ४० मिलिमीटर जाडीची. स्क्रू विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवेत. नुसत्या टाइलमध्ये बसवलेली दांडी जोर पडला की टाइलसकट निघते. टॉवेलची दांडी धरायची सवय असेल तर ती काढूनच टाका. बद्धकोष्ठालाही याचा उपयोग होतो: पाय टेकून, पुढे झुकून, घाई न करता बसता आलं की अर्धं काम होतं.

शेवटी थकव्याचं. क्राउचमध्ये चालायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. ती कुठे खर्च करायची हे त्याला ठरवू द्या. बसथांबा ते बँक हे अंतर बाजूच्या चाकांच्या स्कूटरने, आणि वाचलेला दम संध्याकाळच्या व्यायामाला, हा हिशेब चांगला आहे. लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर वापरली म्हणजे चालणं सोडलं असं घरच्यांना वाटतं आणि त्या भीतीपायी माणूस बाहेर जाणंच सोडतो. हे फार ठिकाणी बघायला मिळतं आणि वाईट वाटतं. खुर्ची घ्याल तेव्हा दुकानातली सरसकट १८ इंची उचलू नका. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना मिळून २-३ सेंटिमीटर जागा, आणि बैठकीची कड व गुडघ्याची मागची घडी यांत दोन-तीन बोटं. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो आणि चाकं ढकलताना खांदे दुखतात.

सांजवेळ

मधेच विचारते, माफ करा. माझी मुलगी २६ वर्षांची, चारही हातपाय ताठ, बसवावं लागतं, बोलत नाही, फिटच्या गोळ्या चालू. वरचं बहुतेक तिला लागू नाही. तिच्यासाठी फिजिओथेरपी म्हणजे नेमकं काय करायचं? थेरपिस्ट येऊन पाय ताणतात, ती रडते.

रानजाई

माफी कसली. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण अशा मोठ्या मुलींकडे थेरपीचं लक्ष सगळ्यात कमी जातं.

आधी रडण्याचं. ताणताना रडते तर ताणणं थांबवा आणि खुब्यांचा एक्स-रे काढा. खुबा हळूहळू निसटलेला असणं या अवस्थेत नेहमीचं आहे, आणि तो दुखतो. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीचं दुखणं झोप मोडणं, जेवण कमी होणं, ताठरपणा वाढणं यांतून दिसतं. दात, पोट, खुबा, कातडी या क्रमाने शोधा. वजन पायांवर येत नाही, आणि फिटच्या काही गोळ्यांनी ड जीवनसत्त्व उतरतं, म्हणून हाडं ठिसूळ असू शकतात. रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कपडे बदलताना, पाय फाकवताना मांडी कधी पिळायची नाही. गुडघ्याच्या वर आणि खाली दोन्ही हात ठेवून सावकाश, पाय सैल होईपर्यंत थांबत. हलवताना अचानक ओरडली, मांडी सुजली तर हाड मोडलंय असं धरूनच दवाखाना गाठा.

तिची खरी फिजिओथेरपी म्हणजे चोवीस तासांची बैठक आणि झोप. दोन्ही गुडघे एकाच बाजूला पडलेले राहिले की कंबर आणि पाठीचा कणा त्या बाजूला पिळतो. गुडघ्यांमध्ये उशी, पाठीमागे गुंडाळलेली चादर, टाचा गादीपासून सुटलेल्या, दर दोन-तीन तासांनी कूस बदल. खुर्चीत आधी कंबर सरळ आणि मागे टेकलेली, मग बाकीचं. कमरेचा पट्टा ४५ अंशात मांड्यांच्या दिशेने खाली ओढणारा हवा. पोटावर आडवा बांधला की ती घसरत पुढे येते. उभं करण्याच्या फ्रेमचा उपयोग होतो, पण मोठ्या वयात खुब्याचा एक्स-रे आणि हाडांची तपासणी झाल्याशिवाय नको.

जेवताना ताठ बसवा, मान किंचित पुढे, आणि नंतर निदान अर्धा तास तशीच बसू द्या. जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, वारंवार कफ-ताप होत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय का हे गिळण्याच्या तपासणीत पाहायला हवं. छातीवर थापून कफ काढायचा तर जेवणाआधी किंवा जेवणानंतर दीड तासाने.

आणि तुमची पाठ. २६ वर्षांच्या मुलीला एकटीने उचलू नका. गुळगुळीत कापडाची सरकती चादर, दोन माणसं, जमल्यास लिफ्टिंग होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र). थेरपिस्टकडे पुढच्या भेटीत पाय ताणण्याऐवजी हे शिकवायची मागणी करा.

पायताण

कुठे जायचं, त्याबद्दल. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीची महाविद्यालयंच आहेत, खर्च कमी. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे पुनर्वसन डॉक्टर, थेरपी आणि स्प्लिंटची कार्यशाळा एकाच आवारात मिळते, त्यामुळे बाहेरगावच्यांची धावपळ वाचते. विदर्भात नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. खासगीत न्यूरोची एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) केलेला थेरपिस्ट शोधा आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा. तुम्ही प्रौढ सीपीचे रुग्ण पाहता का, असं फोनवरच विचारायला हरकत नाही.

पैशांसाठी: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलेलं असू द्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी येते, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही भाग आहे. वयाची अट नाही, आधीची तपासणी नाही. अर्ज ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करतात. व्हीलचेअर, क्रच, एएफओ यांना केंद्राच्या एडीप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत मदत मिळते. सांजवेळ ताईंनी हे दोन्ही जरूर बघावं.

स्टेम सेलने सीपी बरी होते अशा जाहिरातींना बळी पडू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार मान्य संशोधनाबाहेर पैसे घेऊन करता येत नाहीत. त्या लाखांत उत्तम एएफओ, खुर्ची आणि काही वर्षांची थेरपी होते.

कृष्णाकाठ

खूप स्पष्ट झालं. भाऊही वाचतोय. हाजी अलीला जायचं ठरतंय. पहिल्या भेटीत काय न्यावं?

रानजाई

जुन्या ऑपरेशनचे कागद, मिळाले तर. टाचेची शीर कशी आणि किती लांब केली हे त्यात असतं. गुडघ्याचा बाजूचा एक्स-रे, आणि खुब्यांचा समोरून एक. गोळ्यांची यादी वेळांसह. टोचणारे जुने एएफओ, फेकू नका, कुठे टोचलं ते त्यांवरून कळतं. रोजचे बूट आणि क्रच. हाफ पँट. चालण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ: समोरून आणि बाजूने, बुटांसह आणि अनवाणी, एक सकाळी आणि एक कामावरून आल्यावर. तपासणीच्या खोलीत प्रत्येकजण नेहमीपेक्षा चांगलं चालतो, म्हणून संध्याकाळचा व्हिडिओ दाखवाच.

आणि भावाने स्वतः ठरवलेलं एक उद्दिष्ट कागदावर: "बसथांबा ते बँक न थांबता" किंवा "जिना एका हाताने कठडा धरून". ब्रिटनमध्ये २०१९ साली खास प्रौढ सीपीसाठी नाइस या संस्थेची मार्गदर्शिका निघाली, इंटरनेटवर मोफत आहे. हाजी अलीच्या डॉक्टरांनी प्रौढांसाठी थेरपी कशाला असं विचारलं तर तिची प्रत सोबत असू द्या. निघताना पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच निघा, साधारण तीन महिन्यांनंतरची. एक्स-रेचा निकाल आला की इथे लिहा, वजनं त्याप्रमाणे ठरवू.